‘की’ हरवली की संपलं!

डिजिटल सातबाऱ्यापासून मुंबईच्या एक्स्चेंजपर्यंत: प्रायव्हेट कीचे भन्नाट किस्से

माहीत आहे का? बुलडाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीच्या ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी ‘क्रिप्टो’चा क उच्चारला नाही, त्याच्याही घरात प्रायव्हेट कीची करामत पोहोचलेली असू शकते! ऑनलाइन काढलेला डिजिटल सातबारा बघा. त्यावर शाईची सही नाही, रबरी शिक्का नाही, तरी तो चालतो. कारण त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. राज्यात ही सोय सुरू झाली १ मे २०१८ ला, थेट महाराष्ट्रदिनी. एका उताऱ्याची फी १५ रुपये. आणि त्या सहीमागे जी कल्पना आहे, तीच बिटकॉइन आणि इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कच्या पोटात आहे.

चला तर मग, कीहोलमधून आत डोकावूया!

दोन चाव्यांची जोडगोळी

एक प्रायव्हेट की, एक पब्लिक की. प्रायव्हेट कीने सही करायची, पब्लिक कीने कुणीही ती तपासायची. पब्लिक की गावभर वाटा, बिनधास्त! प्रायव्हेट की मात्र कुणालाच नाही. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत, तुमचं नाव नसतं, फोटो नसतो, आधार नसतं. ज्याच्याकडे की, तो मालक. विषय संपला!

ग्रामपंचायतीतली जोडसही

माहीत आहे का, ‘मल्टिसिग’ नावाचा भारी शब्द तुमच्या ग्रामपंचायतीत कधीचाच राबतोय? वित्त आयोगाच्या निधीचं ऑनलाइन पेमेंट करायचं तर ग्रामसेवकाची डीएससी (डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र) लागते आणि सरपंचांचीही. एक डोंगल लावून भागत नाही. ब्लॉकचेनवरही असंच जमतं: तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन सह्या झाल्या तरच पैसे हलतात. एकाची की चोरीला गेली तरी चोराच्या हाती भोपळा!

डोंगलच्या पोटात काय?

डीएससीचं ते छोटंसं यूएसबी टोकन म्हणजे साधा पेनड्राइव्ह नव्हे हं. की त्याच्या आतच राहते, तिची कॉपी बाहेर काढता येत नाही. सही आत होते आणि फक्त सही बाहेर येते. क्रिप्टोवाल्यांचं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे की ठेवायचं उपकरण, याच तत्त्वावर चालतं. त्यातलं पहिलं गाजलेलं वॉलेट, ट्रेझर, झेक प्रजासत्ताकातून २०१४ मध्ये बाजारात आलं.

बिटकॉइनच्या आधीच कायद्यात!

माहीत आहे का? ‘प्रायव्हेट की’ हा शब्द भारतीय कायद्यात बिटकॉइनच्या जन्माआधीच आला! माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४२. ते सांगतं की डिजिटल स्वाक्षरी ज्याची, त्याने आपली प्रायव्हेट की स्वतःच्या ताब्यात राहील आणि उघड होणार नाही याची काळजी घ्यायची. की फुटली तर ताबडतोब कळवायचं. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक त्यानंतर, ३ जानेवारी २००९ चा. म्हणजे सरपंचांचं डोंगल आणि पिन दोन्ही ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं हा नुसता आळस नाही, कायद्याने सांगितलेली जबाबदारी सोडणं आहे.

पण इथे एक मोठा फरक आहे, नीट वाचा. डीएससी हरवली तर ती रद्द करून नवी काढता येते. ब्लॉकचेनवरची की हरवली तर रद्द करणारं ऑफिसच नाही. ना हेल्पलाइन, ना ‘फरगॉट पासवर्ड’!

सिंदखेडराजा ते शिक्कामोर्तब

बुलडाणा जिल्ह्याच्या मातीशी या सहीचं जुनं नातं आहे. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, आपल्याच सिंदखेडराजाचा. त्यांच्या शिवबांच्या पत्रांवर वर शिक्का उमटायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. का? खाली कुणी एक ओळही घुसडू नये म्हणून! डिजिटल सही नेमकं हेच काम करते: पाठवणारा कोण ते सांगते आणि मजकुरातला एक कानामात्रा जरी बदलला तरी बोंब मारते. तेव्हा शिक्का जपायचा, आता की जपायची.

१०५ × २ = रेकॉर्ड!

आता जरा हायवेवर या. वडनेर भोलजीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच रस्त्यावर नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान. आणि याच महामार्गावर जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला टप्प्यात सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. वेळ किती लागला? १०५ तास ३३ मिनिटं! फूटही १०५, तासही १०५. काय योगायोग आहे बाप्पा!

वेगाचे रेकॉर्ड असे मोडतात. पण प्रायव्हेट की ओळखण्याचं रेकॉर्ड? तिथे भलेभले गार. कसं ते बघा.

७८ आकडी धमाका

प्रायव्हेट की म्हणजे मुळात एक संख्या, २५६ बिटची. एवढ्या बिटांत किती वेगवेगळ्या संख्या मावतात? मोजायला गेलात तर ७८ आकडी उत्तर येतं! तुमच्या सहा आकडी यूपीआय पिनचे पर्याय फक्त १० लाख.

समजा पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी, प्रत्येकाने सेकंदाला एक लाख कोटी वेळा अंदाज लावला. तरी सगळ्या शक्यता संपवायला लागणाऱ्या वर्षांचा आकडा ४८ अंकी! विश्वाचं वय? साधारण १,३८० कोटी वर्षं, म्हणजे ११ अंकी. चोर म्हातारा होईल, सूर्य विझेल, की सुखरूप.

भाकीत? छे!

आपल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे वर्षाचं भाकीत ऐकायला शेतकरी लोटतात. की निवडताना मात्र नियम उलटा: जिचं भाकीत कुणालाच करता येणार नाही, तीच की चांगली. जन्मतारीख, गाडीचा नंबर, आवडत्या गाण्याची ओळ, असल्या गोष्टींतून बनवलेली की संगणक चुटकीसरशी पकडतो.

दूध दुःखी, चोर सुखी

माहीत आहे का, ‘मिल्क सॅड’ नावाची एक खरीखुरी गडबड आहे? २०२३ मध्ये उघड झालं की एका वॉलेट-टूलमध्ये की बनवताना २५६ बिटांऐवजी फक्त ३२ बिटांचा यादृच्छिकपणा वापरला जात होता. पर्याय उरले सुमारे ४२९ कोटी. माणसाला ही संख्या मोठी वाटते, संगणकाला ती नाश्त्याला पुरत नाही! चोरांनी वॉलेटं धुऊन नेली. नाव असं विचित्र का? या टूलने घड्याळात शून्य वेळ धरून जे शब्द काढले, त्यांची सुरुवातच ‘मिल्क सॅड’ अशी होती.

बारा शब्दांचं बारसं

७८ आकडी संख्या लिहिताना हात थरथरणारच. म्हणून २०१३ मध्ये एक भन्नाट तोडगा निघाला: सीड फ्रेज. ठरलेल्या २,०४८ शब्दांच्या यादीतून १२ किंवा २४ शब्द. हे शब्द क्रमाने माहीत असले की अख्खं वॉलेट नव्या मोबाइलवर पुन्हा उभं राहतं. मोबाइल विहिरीत पडला? हरकत नाही. शब्दांचा कागद विहिरीत पडला? हरकतच हरकत!

कॉटन आहे, ऑरेंज आहे!

विदर्भकरांनो, खूश व्हा. त्या इंग्रजी यादीत आपला कापूस आहे, कॉटन! नागपूरचं संत्रंही आहे, ऑरेंज! कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो, लिंबू, आंबा, अख्खा आठवडी बाजार भरलाय. वाघ आहे, क्रिकेटही आहे. एवढंच काय, बिटकॉइनच्या गूढ जनकाचं ‘सातोशी’ हे नावसुद्धा त्यात लपलंय.

आणि डिझाइनची कमाल बघा: प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी. पुढचं अक्षर गिचमिड झालं तरी शब्द ओळखता येतो. शेवटच्या शब्दात तर चुका पकडणारी तपासणी दडलेली असते. त्यामुळे मनाला येतील ते बारा शब्द उचलले की बहुतेक वेळा वॉलेट सरळ नकार देतं.

अधिकृत याद्या आहेत दहा. जपानी आहे, कोरियन आहे, झेकसुद्धा आहे. मराठी नाही! एकही भारतीय भाषा नाही. संगणकशास्त्र शिकणाऱ्या पोरापोरींनो, हे मैदान तुमच्यासाठी मोकळं आहे.

उलटेपालटे? फसाल!

अनेकांची ‘स्मार्ट’ युक्ती: बारा शब्द लिहायचे, पण क्रम बदलून. बारा शब्दांच्या मांडण्या किती होतात? सुमारे ४७ कोटी ९० लाख. ऐकायला भारी! पण वरची तपासणी लावली की त्यातल्या सोळात एकच खरी ठरते, म्हणजे जेमतेम तीन कोटी उरतात. संगणकासाठी चहाच्या ब्रेकचं काम. उलट वर्षांनी तुम्हीच क्रम विसरलात तर घाम तुम्हाला फुटणार. सरळ लिहा, पण जागा पक्की निवडा.

खामगावची चांदी विरुद्ध स्टील

रजतनगरी खामगावची चांदी कुणाला आवडत नाही? पण सीड कोरायला ती नको! चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, स्टेनलेस स्टील साधारण १,४०० अंशांच्या आसपास. कागदाचं तर नावच काढू नका: आग, पाऊस, वाळवी, तिघांची मेजवानी. म्हणून जाणकार लोक शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून ठेवतात. आमची चांदी अंगावर, तुमची सीड स्टीलवर!

दहा चान्स, आठ गेले

माहीत आहे का? स्टीफन थॉमस या प्रोग्रामरला २०११ मध्ये बिटकॉइनची माहिती देणारा व्हिडिओ बनवल्याबद्दल बिटकॉइन मिळाले. त्यातले ७,००२ बिटकॉइन ज्या कीने उघडतात, ती त्याने ‘आयर्नकी’ नावाच्या कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये ठेवली. पासवर्डचा कागद हरवला. ड्राइव्ह दहाच चान्स देतो. २०२१ मध्ये ही गोष्ट जगभर गाजली, तेव्हा त्याचे आठ वापरून झाले होते!

कचऱ्यात कुबेर

वेल्समधलं न्यूपोर्ट शहर. जेम्स हॉवेल्सची सुमारे ८,००० बिटकॉइनची की असलेली हार्डडिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, कचरा डेपोत पुरली गेली. उकरू द्या म्हणून त्याने नगर परिषदेच्या विनवण्या केल्या, मग कोर्ट गाठलं. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. बिटकॉइन ब्लॉकचेनवर अजून दिसतात. सगळ्या जगाला दिसतात!

जयपूरचा ट्विस्ट

क्रिप्टोच्या इतिहासातलं एक मोठं रहस्य भारतात घडलं, माहीत आहे का? कॅनडातल्या क्वाड्रिगा-सीएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजचा प्रमुख जेराल्ड कॉटन ९ डिसेंबर २०१८ ला जयपूरमध्ये वारला. वय अवघं ३०. कंपनी म्हणाली, सगळ्या कीज फक्त त्यालाच ठाऊक होत्या! हजारो ग्राहक हवालदिल. २०२० मध्ये ओंटारिओच्या नियामकांनी चौकशी संपवून सांगितलं की हा मुळातच घोटाळा होता, पैसा आधीच उडवलेला होता. धडा दुहेरी: सगळ्या चाव्या एकाच माणसाकडे नकोत आणि आपला ऐवज डोळे झाकून दुसऱ्याच्या कीच्या भरवशावर नको.

मुंबई, १८ आणि १९ जुलै

आता आपल्या राजधानीत. वझीरएक्स, मुंबईचं नामांकित एक्स्चेंज. १८ जुलै २०२४ ला त्यांच्या एका मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गायब! या वॉलेटला सहा की होत्या, त्यातल्या चार सह्या लागायच्या. तरीही चोरी कशी? सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसलं, प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्यावरच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने एकत्र निवेदन काढून बोट दाखवलं उत्तर कोरियाच्या हॅकर्सकडे.

बरोबर एक वर्ष आणि एक दिवस उलटला. १९ जुलै २०२५. मुंबईचंच दुसरं मोठं एक्स्चेंज, कॉइनडीसीएक्स. सुमारे ४.४ कोटी डॉलरचा फटका! कंपनीने सांगितलं की ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत, गेले ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले.

आणि जगातली सर्वांत मोठी क्रिप्टोचोरी? बायबिट, २१ फेब्रुवारी २०२५, जवळपास १५० कोटी डॉलर. तिथेही पडद्यावरच्या फसव्या चित्रावर सह्या झाल्या. गणित कुठेच तुटलं नाही, फसली ती माणसं. म्हणून कशावर सही करतोय ते डोळ्यांत तेल घालून वाचा!

पुण्यात कुंपणानेच शेत?

२०१८ चं गेनबिटकॉइन गुंतवणूक-घोटाळ्याचं प्रकरण. पुणे पोलिसांनी तपासाला दोन तज्ज्ञ मदतीला घेतले. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली! आरोप असा की तपासासाठी उघडलेल्या वॉलेटांतली क्रिप्टो त्यांनी आपल्या वॉलेटांत वळवली. ज्याने की पाहिली, त्याने ऐवज पाहिला. म्हणून ‘फक्त एकदा दाखव’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी उत्तर एकच: नाही!

याच प्रकरणात मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीला वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्यायला सांगितलं. देशातलं सर्वांत मोठं न्यायालयसुद्धा की ओळखू शकत नाही, मागूनच घ्यावी लागते!

मुंबई नावाचं नेटवर्क

जरा मूड बदलूया. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेल्या मॅटिक या ब्लॉकचेन प्रकल्पाचं पुढे ‘पॉलिगॉन’ झालं आणि जगभर गाजलं. त्यांच्या चाचणीच्या नेटवर्कचं नाव काय होतं, माहीत आहे का? ‘मुंबई’! अनेक देशांतले प्रोग्रामर २०२४ पर्यंत खोट्या नाण्यांचा सराव ‘मुंबई’वर करायचे. नवशिक्यांसाठी आयडिया झकास: खऱ्या पैशाला हात लावण्याआधी अशा टेस्टनेटवर हात साफ करा.

एटापल्लीची एंट्री

गडचिरोलीतलं एटापल्ली! २०२२ मध्ये इथल्या सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन ब्लॉकचेनवर करण्याचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला. हेतू साधा: बनावट प्रमाणपत्र लगेच पकडता यावं. विदर्भ मागे आहे म्हणणाऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

दोन कागद, एक की, लाख दुवा

मे २०२१. देश कोरोनाने पोळलेला. इथेरियमचा सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिनने भारताच्या क्रिप्टो रिलीफ फंडाला जी शिबा इनू नाणी दिली, त्यांची किंमत त्या वेळी सुमारे १०० कोटी डॉलर होती! हा फंड उभारला होता पॉलिगॉनच्या संदीप नैलवालने. आता गंमत ऐका. व्हिटालिकची की दोन कागदांवर विभागलेली. एक त्याच्याकडे, दुसरा कॅनडात घरच्यांकडे. त्याने घरी फोन लावला, आकडा वाचून घेतला, दोन्ही आकड्यांची बेरीज केली आणि की तयार! एकटा कागद चोराच्या हाती लागला असता तर त्याचा उपयोग शून्य.

की वाटून ठेवण्याचं पक्कं गणित तर १९७९ चं, अदी शमिर यांचं. एका गुपिताचे पाच भाग करा, कुठलेही तीन जुळले तरच गुपित उघडेल. दोन जुळले तर काहीच कळणार नाही.

गॅलरीत घुसलेलं मांजर

सीडचा स्क्रीनशॉट काढलाय? आत्ताच्या आत्ता डिलीट मारा आणि नवं वॉलेट बनवा! फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाचा व्हायरस उघड केला. तो फोनच्या गॅलरीतले फोटो वाचतो आणि सीडचे शब्द हुडकतो. तो कुठे सापडला? गूगल प्लेवरच्या आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या ॲप्समध्ये!

सरकारची सही

क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सशी संबंधित वादात स्पष्ट केलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे. मालमत्ता म्हटली की वारसा आला. आणि इथेच खरी गाठ!

नॉमिनीचा कॉलमच नाही

बँकेत नॉमिनी असतो. जमिनीला वारसनोंद असते. ब्लॉकचेनला घरधनी गेल्याचं कळतच नाही. वारस प्रमाणपत्र दाखवायचं तरी कुणाला? म्हणून हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा: की कुणाला सांगू नका, पण ती आहे आणि कुठे आहे एवढं घरातल्या भरवशाच्या माणसाला ठाऊक हवं. मृत्युपत्रात ऐवजाचा उल्लेख करा. बारा शब्द मात्र त्यात लिहू नका, कारण मृत्युपत्र अनेकांच्या हातातून जातं.

फटाफट पंचसूत्री

एक: सीड हातानेच लिहा. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, ई-मेल नाही.

दोन: दोन प्रती, दोन घरं. एक वडनेरला, एक मामाच्या गावाला!

तीन: ‘कस्टमर केअर’ म्हणून फोन करून कुणी शब्द मागितले तर तो शंभर टक्के चोर. खरी कंपनी सीड कधीच मागत नाही.

चार: मोठी रक्कम पाठवण्याआधी चिमूटभर पाठवून बघा. पत्ता चुकला तर परतीची गाडी नाही.

पाच: पैसे टाकण्याआधी वॉलेट एकदा पुसा आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. उभं राहिलं तरच कागद खरा!

आणि क्रिप्टोशी तुमचं काही देणंघेणं नसेल, तरी हे पान घरातल्या पोरांना नक्की वाचायला द्या. डीएससी आज सरपंचांच्या टेबलावर आहे, उद्या ती तुमच्या दुकानाच्या आणि शेतमालाच्या व्यवहारात येईल. की सांभाळायची सवय आत्ताच लावून घ्या, कारण ती सांभाळणारं दुसरं कुणी नाही. तुम्हीच तिजोरी, तुम्हीच पहारेकरी, तुम्हीच मालक!